ठासणीच्या बंदुकीची दारू घरात सुरक्षित कशी ठेवावी: खानापूर-बेळगाव भागातील परवानाधारकांसाठी

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, आमगाव, हेम्माडगा या बाजूला, भात, ऊस आणि काजू रानडुकरांपासून व गव्यांपासून राखण्यासाठी पीकसंरक्षणाचा परवाना घेतलेल्या बंदुका अनेक शेतकरी कुटुंबांत आहेत. त्यांपैकी काही बारा बोअरच्या काडतुसी असल्या, तरी जुन्या घरांत अजूनही ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आढळते आणि तिच्याबरोबर सुटी दारू, छर्रे व दारू पेटवणाऱ्या टोप्याही घरात येतात. बंदुकीची निगा बहुतेक जण मनापासून राखतात. दारूच्या बाबतीत मात्र सगळे लक्ष तिला ओल लागू नये एवढ्यावरच असते आणि अडचण नेमकी तेथे सुरू होते. ओलीच्या धास्तीने ती चुलीजवळच्या फडताळात ठेवली जाते, जाड लोखंडी डब्यात घट्ट कोंडली जाते किंवा पावसाळ्यात उबेला सुकवली जाते. ओल लागलेली दारू फार तर वाया जाते. उलट, कोरडी ठेवण्याच्या या तिन्ही रीतींनी घरातील माणसांचा जीव धोक्यात येतो. पुढील सर्व सूचना हा फरक डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत.

परवाना आधी नीट वाचावा

शस्त्र अधिनियम १९५९ मधील 'दारूगोळा' या संज्ञेत केवळ तयार काडतूस येत नाही. बंदुकीत भरावयाची दारू आणि तिच्याबरोबरची साधनेही त्यात येतात. म्हणजे घरातील सुट्या दारूचा डबा आणि टोप्यांची डबी ही दोन्ही परवान्याच्या कक्षेतील वस्तू आहेत. किती दारू बाळगता येईल, वर्षाला किती विकत घेता येईल आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता चालतो, हे परवान्यावरच लिहिलेले असते. आपल्या भागात हा मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी परवानाधारकांनी तो कधी ओळीने वाचलेलाच नसतो. घरातील शिकल्यासवरल्या मुलाकडून किंवा वकिलाकडून तो एकदा वाचून घ्यावा, अटी मराठीत उतरवाव्यात आणि तो कागद परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवावा.

दारू घरी तयार करणे किंवा कुटणे परवानाधारकालाही अनुज्ञेय नाही. या अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद परदेशात मोठा आहे, त्याचे व्हिडिओ पाहून उत्सुकता वाटणेही समजण्यासारखे आहे. परंतु जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून तशी स्पष्ट लेखी परवानगी असल्याशिवाय तो उद्योग आपल्याकडे करू नये. कोणत्या काडतुसात किती दारू भरावी याची मापे या लेखात दिलेली नाहीत, ती याच कारणाने.

आणखी एक अट खानापूरकरांना विशेष लागू आहे. भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये अधिसूचित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला आपली नोंदणी करावी लागते, तर कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळापासून बंदूक घरात आहे, एवढ्याने या नोंदणीतून सुटका होत नाही.

काळी दारू आणि धूरविरहित दारू

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू ही सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण असते. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्यातील सोऱ्यातूनच मिळतो, म्हणून पेटलेली दारू गोणपाट टाकून किंवा माती लोटून गुदमरवता येत नाही. तिला पेटायला मोठी ज्वाळाही लागत नाही. बिडीचे थोटुक, चुलीतून उडालेली ठिणगी, लोखंडावर लोखंड घासून निघालेली ठिणगी, कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यावर साचलेली स्थिर वीज, यांपैकी काहीही पुरते. उघड्यावर पसरलेली थोडी दारू भसकन जळून जाते. तीच जाड भिंतीच्या बंद डब्यात पेटली तर निर्माण झालेल्या वायूला वाट मिळत नाही आणि डब्याचेच तुकडे गोळ्यांसारखे उडतात. ठिणगी आणि कोंडमारा या दोन शब्दांत तिचा सगळा धोका सांगता येतो.

आधुनिक काडतुसांतील धूरविरहित दारू रासायनिकदृष्ट्या अगदी निराळी असते. ती नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि ठिणगीला काळ्या दारूइतकी हळवी नसते; परंतु उष्णतेने व काळाने तिचे विघटन होते. अशा बिघडलेल्या दारूला आंबट, झोंबणारा वास येतो, कधी तांबूस-तपकिरी वाफ दिसते आणि साठा मोठा असल्यास ती आपोआप पेटू शकते. ठासणीच्या बंदुकीत धूरविरहित दारू कधीही भरू नये, कारण तिचा दाब जुन्या नळीला सोसत नाही आणि नळी डोळ्यांसमोर फुटते. दोन्हींचे दाणे काळपट दिसतात, त्यामुळे केवळ नजरेने ओळखण्याचा भरवसा धरू नये. काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीसाठी काढण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळावा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपल्या गावांत निवृत्त जवान पुष्कळ आहेत आणि शस्त्राची शिस्त त्यांच्याकडून शिकण्यासारखीच असते. तरीही सैन्यात हाताळलेला दारूगोळा कारखान्यातून बंद होऊन आलेला असतो, सुटी काळी दारू हा वेगळाच विषय आहे, हे त्यांनीही ध्यानात ठेवावे.

जागा निवडताना

सर्वांत सुरक्षित साठा म्हणजे लहान साठा. परवान्यात मुभा आहे म्हणून वर्षभराची दारू एकदम आणू नये. हंगामात लागेल तेवढीच आणावी आणि ती संपत आल्यावर पुन्हा आणावी.

दारू ठेवण्याची खोली स्वयंपाकघराला, न्हाणीघराच्या चुलाण्याला आणि देवघराला लागून नसावी. गॅसची टाकी, रॉकेल, पेट्रोल, पंपाचे डिझेल, फवारणीची औषधे आणि खते, विशेषतः नायट्रेटयुक्त खते, तेथे ठेवू नयेत. इन्व्हर्टर, विजेचा मुख्य बोर्ड, मोबाइल चार्जिंगची जागा यांच्यापासूनही ती दूर असावी. कौलारू घराचा माळा अनेकांना सोयीचा वाटतो, परंतु उन्हाळ्यात कौलांखाली तापमान फार चढते आणि आग लागली तर छपरापर्यंत पोहोचायला तिला वेळ लागत नाही. गोठ्यात गवत, पेंढा आणि जनावरे असतात, तेव्हा तीही जागा नको. आग लागल्यास ज्या दारातून माणसे बाहेर पडणार, त्या दाराजवळ किंवा जिन्याखाली दारू मुळीच नसावी. जांभ्याच्या भिंतीची, उत्तरेकडील, झोपण्याच्या खोलीपासून लांबची, फारशी वर्दळ नसलेली आणि कुलूप लागणारी कोठीची खोली साधारणपणे योग्य ठरते. पेटी भिंतीपासून वीतभर अंतरावर लाकडी फळीवर ठेवावी, म्हणजे जांभ्यातून झिरपणारी ओल तिला लागणार नाही.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, आपल्याकडे विजा फार पडतात. सिंहगडावरील दारूकोठारावर १७५१ साली वीज पडून झालेल्या स्फोटात गडावरील फडणीसांचे घर उद्ध्वस्त झाले होते. घरातील किलो-अर्धा किलो दारूची कोठाराशी तुलना होणार नाही. तरी टीव्हीच्या अँटेनाची किंवा डिशची तार ज्या खोलीत उतरते, ती खोली यासाठी वापरू नये आणि ढग गडगडत असताना दारूचा डबा उघडू नये.

डबा, पेटी आणि टोप्या

दारू ज्या मूळ डब्यात परवानाधारक विक्रेत्याकडून मिळाली, त्याच डब्यात ती राहू द्यावी. मूळ डबा दाब वाढताच सहज उघडेल असा हलका असतो आणि त्यावर दारूचा प्रकार लिहिलेला असतो. काचेची बरणी फुटते व तिच्यातून ऊन लागते, घरातल्या साध्या प्लॅस्टिकच्या डब्यावर स्थिर वीज साचते, शीतपेयाच्या बाटलीतील काळी पूड मुलांना काय आहे ते कळत नाही. जाड लोखंडी पाइप, दुधाचा जड कॅन किंवा तिजोरी यांत दारू ठेवणे तर सर्वांत वाईट. चोरीच्या भीतीने दारू तिजोरीत ठेवणारा मनुष्य स्वतःच्या घरात बॉम्ब रचत असतो, हे येथे स्पष्ट शब्दांत सांगणे भाग आहे. बंदूक लोखंडी कपाटात कुलपात ठेवावी, ते योग्यच आहे. दारू मात्र त्या कपाटात ठेवू नये.

मूळ डबा ठेवण्यासाठी सुताराकडून इंचभर जाडीच्या फळ्यांची लाकडी पेटी करून घ्यावी. जोड लाकडी खुंट्यांचे किंवा पितळी स्क्रूंचे असावेत, आतल्या बाजूला लोखंडी खिळ्याचे टोक किंवा डोके उघडे राहू नये आणि झाकण बसते पण हवाबंद नसावे. लाकूड बाहेरची उष्णता काही वेळ आत जाऊ देत नाही आणि आत दाब वाढलाच तर फळ्या सुटून वायूला वाट करून देतात. अमेरिकेतील ४९५ क्रमांकाच्या अग्निसुरक्षा संहितेत घरगुती धूरविरहित दारूसाठी, वीस पौंडांपेक्षा अधिक साठा झाल्यास, किमान इंचभर जाडीच्या लाकडी पेटीचीच अट आहे. तेवढा साठा आपल्याकडे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, पण पेटीमागचे तत्त्व तेच आहे. पेटीला लहान कुलूप लावावे, किल्ली परवानाधारकाकडेच असावी आणि पेटीवर ठळक मराठी व कन्नड अक्षरांत 'स्फोटक दारू, आग जवळ आणू नये' असे लिहावे, म्हणजे आपण घरी नसताना मदतीला आलेल्या शेजाऱ्याला किंवा अग्निशमन दलाच्या माणसाला ते कळेल.

टोप्या दारूच्या पेटीत ठेवू नयेत. त्यांची जागा दुसऱ्या खोलीत असावी. टोपी आघाताने उडते, तेच तिचे काम आहे. म्हणून त्या मूळ डबीतच राहू द्याव्यात, बाटलीत एकत्र ओतू नयेत आणि खिशात नाण्यांबरोबर बाळगू नयेत. जमिनीवर पडलेली टोपी पायाखाली येण्यापूर्वी शोधून हाताने उचलावी.

पावसाळ्यातील काळजी

जून ते सप्टेंबर या काळात कणकुंबी-आमगाव भागात पापड कोरडे राहत नाहीत, मग सोरा असलेली दारू कशी राहणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर पहिला उपाय म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस साठा अगदी कमी करणे. पावसाळ्यात लागेल तेवढीच दारू ठेवावी आणि डबा वारंवार उघडू नये, कारण प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. उघडायचाच असेल तर पाऊस थांबलेला असताना उघडावा. लाकडी पेटीत, मूळ डब्याच्या बाहेर, औषधांच्या बाटल्यांत मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतील. परंतु दारूत मिसळतील असे तांदूळ, मीठ किंवा राख डब्यात घालू नये. ओल शोषण्यासाठी चुनकळी ठेवण्याची कल्पना काहींना सुचते. तिच्यावर पाणी पडल्यास ती इतकी तापते की जवळचा कागद करपतो, म्हणून ती त्या खोलीतही नको. फ्रिजही नको, बाहेर काढताच डब्याच्या आत दव धरते आणि एरवीही खाण्याच्या वस्तूंत दारूचे काम नाही.

एवढे करूनही दारूच्या गुठळ्या झाल्या, तर ती वापरण्याजोगी राहिली नाही असे समजून बाजूला ठेवावी. गुठळ्या वरवंट्याने किंवा लोखंडी खलबत्त्यात फोडू नयेत. तव्यावर, चुलीच्या वैलावर, काजू भाजण्याच्या भट्टीशेजारी, हीटरसमोर किंवा तापलेल्या गच्चीवर दारू सुकवू नये. आगोटीच्या आणि भातकापणीच्या मधल्या दिवसांत नेमके हेच घडते: डुकरे शेतात उतरू लागलेली असतात, दारू ओलसर असते आणि ती 'जरा शेकवून' घेण्याचा मोह होतो. ओलावलेल्या दारूचे नुकसान काही रुपयांचे असते. शिवाय एकदा भिजून वाळलेल्या दारूतील सोरा विरघळून पुन्हा कसाही जमलेला असतो, त्यामुळे ती पूर्वीसारखी सारखी जळत नाही आणि नळीतील दाबाचा अंदाज राहत नाही.

हाताळणीच्या वेळी

दारू हाताळताना सुती कपडे घालावेत. बिडी, काडेपेटी, लायटर आणि मोबाइल आधी दुसऱ्या खोलीत ठेवावा. उजेड दिवसाचा असावा. वीज गेली असेल तर बॅटरी वापरावी, चिमणी किंवा मेणबत्ती नको. मुले आणि मद्य घेतलेली माणसे आसपास नसावीत. डिसेंबरपासून कोरडा वारा सुटतो, त्या दिवसांत डबा उचलण्यापूर्वी जमिनीला किंवा भिंतीला उघडा हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. माप पितळेचे, शिंगाचे किंवा लाकडाचे वापरावे, लोखंडी चमचा नको. एका वेळी एकच डबा उघडा असावा आणि माप भरताच त्याचे झाकण लावून तो पेटीत परत जावा.

बंदुकीत दारू थेट डब्यातून किंवा दारू ठेवण्याच्या शिंगातून कधीही ओतू नये. नुकताच बार काढलेल्या नळीत धगधगते कण राहतात. वरून पडणारी दारू त्यांच्यावर पेटली तर ज्वाळा धारेबरोबर वर चढून हातातला संपूर्ण साठा पेटतो. म्हणून एका बाराची दारू वेगळ्या मापात घ्यावी, डबा दूर ठेवावा आणि दुसरा बार भरण्यापूर्वी नळीत ओलसर चिंधी फिरवून ती विझल्याची खात्री करावी. ठासताना गजाच्या समोर डोके किंवा छाती आणू नये. टोपी उडाली पण बार निघाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान दोन मिनिटे थांबावे, कारण आत धुमसणारी दारू उशिराही पेटू शकते. भरलेली बंदूक माचाला टेकवून झोपू नये आणि भरलेली बंदूक घरात आणू नये. बार काढल्यानंतर नळीत राहिलेली काजळी हवेतील पाणी ओढते आणि नळी आतून गंजवते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. पूजेच्या पाटावर रिकामी बंदूक ठेवावी. निरांजन, उदबत्ती आणि कापूर जवळ असताना दारूचे शिंग, काडतुसे किंवा टोप्यांची डबी पाटावर मांडू नये. आनंदाच्या भरात हवेत बार काढण्याविषयी इतकेच: २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दारू सांडली, जुनी झाली किंवा मालक राहिला नाही

सांडलेली दारू व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. त्याच्या मोटारीत ठिणग्या असतात. घरातील चूल व दिवे विझवून, सांडलेल्या काळ्या दारूवर पाणी शिंपडावे, मऊ केरसुणीने ती पुठ्ठ्यावर घ्यावी आणि पाण्याच्या बादलीत टाकावी. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगांत पूड अडकते, तेथे ओले फडके दोनतीनदा फिरवावे. गोळा केलेली दारू पुन्हा डब्यात घालू नये, तिच्यात खडे आलेले असतात. बादलीतले पाणी आटले की दारूचा गाळ पुन्हा ज्वालाग्राही होतो, तेव्हा ती उन्हात विसरून राहू नये. धूरविरहित दारू पाण्याने निकामी होत नाही, हेही लक्षात असावे.

जुनी, गुठळ्या झालेली किंवा ओळख न पटणारी दारू चुलीत, होळीत, कचऱ्यात, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये. पोलीस ठाण्याला आधी कळवावे, ती ठाण्यात न्यावी की त्यांनी येऊन न्यावी हे विचारावे आणि जमा केल्याची पावती घ्यावी. परवानाधारकाचे निधन झाल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार वारसांनी विनाविलंब शस्त्र व दारूगोळा पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. दुखवट्याच्या दिवसांत बंदूक आठवते, माळ्यावरचे शिंग आठवत नाही. निवडणुकीच्या वेळीही असेच होते. आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा होते आणि दारू घरातच राहते; ती जमा करण्याविषयी त्याच वेळी विचारावे आणि पावतीवर दारू व टोप्यांची वेगळी नोंद करून घ्यावी.

ने-आण

बेळगावातील विक्रेत्याकडून दारू आणताना परवाना व पावती बरोबर असावी आणि वाटेत कोठे मुक्काम करू नये. एसटीच्या किंवा वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसमध्ये दारू नेऊ नये. लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेतही नाही, कारण रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली तो गुन्हा आहे. मोटारसायकलवर सायलेन्सरच्या बाजूची पिशवी किंवा पेट्रोलच्या टाकीवरची बॅग टाळावी. टोप्या वेगळ्या बांधाव्यात. चारचाकीत दारू सावलीत ठेवावी आणि गाडी उन्हात उभी करून बाजारहाट करू नये.

आपल्या सोयरिकी चंदगड, दोडामार्ग आणि चोर्ल्यापलीकडे सत्तरीपर्यंत पसरलेल्या आहेत. नात्याला राज्याची हद्द नसली तरी परवान्याला असते. परवान्यावर केवळ जिल्ह्याचा किंवा कर्नाटकाचा उल्लेख असेल, तर ओंजळभर दारूही मेहुण्याच्या शेतावर पलीकडे नेता येत नाही आणि त्याच्याकडून आणताही येत नाही.

आग लागल्यास

पेटीच्या खोलीपर्यंत आग पोहोचली असेल तर ती विझवत बसू नये. घरातील सर्वांना आणि शेजाऱ्यांना भिंतीआड लांब न्यावे, गुरांची दावी सुरक्षितपणे सोडता आली तरच सोडावीत, ११२ वर फोन करून 'घरात बंदुकीची दारू आहे, अमुक खोलीत आहे' हे स्पष्ट सांगावे आणि दलाचे लोक आल्यावर पुन्हा सांगावे. परवान्याची कागदपत्रे काढण्यासाठी परत आत जाऊ नये.

भाजलेल्या अंगावर वीस मिनिटे नळाचे किंवा कळशीचे साधे थंड पाणी ओतत राहावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई किंवा तूप लावू नये. अंगठ्या व घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे, कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये, जखमेवर स्वच्छ सुती फडके सैल टाकावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यांत दारूचे कण गेले असतील तर डोळे चोळू नयेत, पाण्याने धुवावेत आणि बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नेत्रविभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. दारूने भाजल्याचे डॉक्टरांपासून लपवू नये, कारण त्यावरून उपचार ठरतात.